संगणक घेण्याची चेष्टा

झाशी,
४ ऑगस्ट २००३

पुण्यपत्तननिवासी, यंत्रशास्त्रपारंगत, चिरंजीव यशवंतराव यांस झाशीस्थित अल्पज्ञ श्वशुराचे सप्रेम आशीर्वाद.

पत्रास कारणे दोन. पहिले असे की, दूरध्वनीवर आपण माझ्याशी गेल्या तीन वर्षांत जे संभाषण केले आहे ते 'थांबा, लीलाला देतो' या तीन शब्दांपलीकडे गेलेले नाही. वाक्य निर्दोष आहे. कर्ता अध्याहृत, हेतू सुस्पष्ट. परंतु एवढ्या एकाच वाक्यावर श्वशुर-जामात संबंध चालविणे आता माझ्या प्रकृतीस झेपत नाही. पत्रात निदान आपण मला लीलेकडे सोपवू शकत नाही.

दुसरे कारण यंत्र.

लीलेने गेल्या महिन्यात आपल्या आईस जानकीच्या पहिल्या वाढदिवसाची तबकडी पाठविली. आमच्याकडे ती पाहण्याचे साधन नाही हे ध्यानी येताच मी, माझ्या प्रकृतीस न शोभणाऱ्या वेगाने, मानिक चौकात जाऊन व्हीसीडी प्लेअर नामक एक चपटे यंत्र आणले. पिवळी तार पिवळ्या छिद्रात, पांढरी पांढऱ्यात, असा वर्णाश्रमधर्म पाळून ते दूरदर्शन संचास जोडले. शारदा जरीच्या काठाची साडी नेसून समोर येऊन बसली. नात तिला पाहणार होती असा तिचा समज असावा. तबकडी आत गेली, गरगरली, आणि निळ्या पडद्यावर दोन शब्द उमटले : 'नो डिस्क'.

तबकडी आत असताना ती मुळात नाहीच असे सांगणारे हे यंत्र मायावादी असावे, असे मी म्हणालो. शारदा हसली नाही. उठली, साडी बदलून आली, आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी मी तबकडी घेऊन सीपरी बाज़ारातील साहूजींकडे गेलो. ते संगणक विकतात व दुरुस्तही करतात. त्यांचा थोरला माझ्या हाताखाली संस्कृतात दोनदा अनुत्तीर्ण झालेला असूनही ते माझ्याशी आदराने वागतात. त्यांनी तबकडी उजेडात धरली आणि म्हणाले, "जा फिलम की सीडी नइयाँ, मास्साब. जा में डाटा है. जा तो कंप्यूटर पे चलहै."

तेव्हापासून मी संगणक घेण्याची चेष्टा करीत आहे. साहूजींचा आग्रह असा की टीव्ही ट्यूनर नावाचे एक कार्ड आत बसवावे; मग "एकई डिब्बा में सब हो जैहै, टीवी, फिलम, गाना." मला प्रश्न पडतो की सर्व कामे एकाच यंत्राकडे द्यावीत, की दूरदर्शन वेगळे आणि संगणक वेगळा ठेवावा? पडदा पंधरा इंची असावा की सतरा? रॅम म्हणजे नेमके काय, आणि साहूजी ती आत बसविण्यास 'डारने' का म्हणतात? या विषयात मला आपल्याहून जवळचा तज्ज्ञ नाही. आपल्याहून दूरचाही नाही.

लीलेने आईस सांगितले आहे की दिवाळीस जानकीला घेऊन झाशीस येण्याचे मनात आहे, "पण ह्यांचं अजून नक्की नाही." त्या 'ह्यांच्या'वर मी कोणताही दबाव आणीत नाही. केवळ नोंदवितो की आम्ही उभयतांनी नातीस अद्याप प्रत्यक्ष पाहिलेले नाही, आणि आमचे डोळे वॉरंटीच्या मुदतीबाहेर गेलेले आहेत.

उत्तराभिलाषी,
जनार्दन


झाशी,
२३ ऑगस्ट २००३

चि. यशवंतराव यांस सप्रेम आशीर्वाद.

आपले पोस्टकार्ड पोचले. संपूर्ण मजकूर येथे उतरवितो, कारण त्यावर भाष्य करावयाचे आहे : 'संगणक घेण्याची नुसती चेष्टाच करायची असेल तर कृपया माझा वेळ घेऊ नये. खरोखर घ्यायचा असेल तर कशासाठी हवा ते सरळ लिहावे.'

यशवंतराव, आपला आक्षेप मला उमगला नाही. चेष्टा केल्यावाचून आजवर कोणती वस्तू कोणाच्या घरी आली आहे? स्वयंपाकाच्या गॅससाठी मी चार वर्षे चेष्टा केली, दूरध्वनीसाठी सहा. फार कशाला, आपला व लीलेचा विवाह जुळावा म्हणून १९९९ चे सबंध वर्ष मी अहोरात्र चेष्टा करीत होतो. आपल्या तीर्थरूपांना बारा पत्रे लिहिली आणि प्रत्येक पत्रात चेष्टेची पराकाष्ठा केली. त्याचेच फळ म्हणून आज आपण माझे जामात आहात. आपल्यासारख्या उद्योगी पुरुषास चेष्टेचे एवढे वावडे असेल तर आपले संगणकांचे दुकान चालते तरी कसे?

असो. 'सरळ लिहावे' ही आपली आज्ञा. ती पाळणे मला स्वभावतः कठीण असले तरी अशक्य नसावे.

संगणक जानकीची तबकडी पाहण्यासाठी हवा. नंतर येतील त्या तबकड्यांसाठीही हवा. लीला म्हणते की आता छायाचित्रे तारेतून येतात, टपालातून नव्हे; तर त्यासाठीही. शारदेस भजने ऐकावयाची आहेत, परंतु आवाज 'भुंग्यासारखा' नको, तेव्हा स्पीकर कोणते घ्यावेत हेही सांगावे. मला स्वतःला काहीही नको. मी केवळ तारा जोडीन.

आमच्या विजेविषयी सांगणे प्राप्त आहे. आमच्या भागात दाब कधी एवढा चढतो की दिवा पांढराशुभ्र होतो, आणि कधी एवढा उतरतो की पंख्याची पाती मोजता येतात. तरी यंत्राच्या निवडीत या गोष्टीचा विचार व्हावा.

तबकडी मी साहूजींच्या दुकानी एकदा चालवून पाहिली आहे, निव्वळ तांत्रिक परीक्षणासाठी. ती सुस्थितीत आहे. मुलीने लाल झबले घातले आहे आणि केकऐवजी चाकूकडे तिचे लक्ष अधिक आहे. चौथ्या मिनिटाला आमच्याकडची वीज गेली.

जनार्दन


झाशी,
८ सप्टेंबर २००३

चि. यशवंतराव,

आपले उत्तर आले नाही. त्याऐवजी परवा लीलेचा दूरध्वनी आला. तो मीच उचलला.

"बाबा, तुम्ही ह्यांना परत तेच लिहिलंत?"

"तेच म्हणजे काय?"

"चेष्टा!"

"केलीच आहे," मी म्हणालो. "यापुढेही करीन."

 पलीकडून "आईला द्या" असे आले. म्हणजे आता मला दोन्ही टोकांनी पुढे सोपविण्यात येते. शारदेने कानाला लावलेला फोन बराच वेळ ऐकला, 'हं' म्हटले, पुन्हा 'हं' म्हटले आणि ठेवला. दिवाळीचे रद्द झाले होते.

"तुम्हाला एक वाक्य सरळ येत नाही का हो?" ती म्हणाली. "पाणी मागतानाही समास करता. जावई म्हणजे काय तुमच्या वर्गातला पोरगा आहे, सगळ्यांसमोर उभा करायला?"

मी शपथेवर सांगितले की मी एक अक्षर वावगे लिहिलेले नाही. तिने माझ्याकडे पाहिले, आणि तिचा विश्वास बसलेला नाही हे मला दिसले. पस्तीस वर्षांचा संसार आहे; दिसते.

काल सायंकाळी मी हरिभाऊंकडे गेलो. हरिभाऊ रेल्वेत गार्ड आहेत, मूळचे साताऱ्याचे, बावीस वर्षांपूर्वी बदली होऊन आले आणि येथेच रुळले. त्यांच्या घरी संगणक आहे, म्हणून तांत्रिक सल्ल्याचे निमित्त केले, आणि आपले कार्ड व माझ्या पत्राचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला.

"मास्तर, हे तुम्ही जावयाला धाडलं?"

"अक्षरशः."

"'विवाह जुळावा म्हणून चेष्टा केली' असं?"

"बारा पत्रे लिहिली, हरिभाऊ! ती चेष्टा नव्हे तर काय?"

"चेष्टा म्हणजे काय, सांगा बघू."

"प्रयत्न. उद्योग. खटपट."

"कुठल्या गावात?"

"संस्कृतात. हिंदीत. आमच्या घरात."

"आमच्या साताऱ्यात चेष्टा म्हणजे टिंगल. टवाळी. अन् पुण्यात तर त्याहून जास्त." ते खुर्चीतच पुढे सरकले. "अहो, तुम्ही त्याला कळवलंय की तुमचं लग्न होईस्तवर मी वर्षभर तुमची टवाळी करत होतो, तुमच्या बापाला बारा पत्रांतून केली, आणि धंदा टवाळीशिवाय चालतोच कसा!"

आतून त्यांच्या पत्नी, यमुनाबाई, विचारू लागल्या, "काय झालं हो एवढं?" हरिभाऊंना हसू आवरेना, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि हसू थांबविले. "मास्तर, बसा. पाणी घेता?"

यशवंतराव, आमच्या घरी थट्टेला थट्टा म्हणतात. फार झाल्यास मजाक. आमचे पूर्वज पेशवाईत येथे आले तेव्हा जे मराठी त्यांनी सोबत आणले तेच आम्ही हिंदीच्या शेजारी ठेवून जपून वापरतो. मधल्या काळात पुण्याने शब्दांचे अर्थ बदलले असतील तर आम्हांस कोणी कळविले नाही. मराठी ग्रंथ मी पाहिले ते आईच्या पेटीतले, तेही सर्व पोथ्या. आणि लीलेला जो अर्थ मी शिकविला होता तो तिने चार वर्षांत पुण्यात टाकून दिलेला दिसतो.

घरी येऊन मी जुने मसुदे काढले. माझी पत्रे मी उतरवून ठेवतो. अन्य कोणी ठेवील अशी आशा नाही. ऑक्टोबर २००० चा मसुदा सापडला. आपण नोकरी सोडून स्वतःचे दुकान उघडत होता, आणि मला उद्घाटनास बोलाविले होते. त्यावर माझे उत्तर असे आहे :

'आपल्या दुकानाच्या उद्घाटनप्रसंगी आम्ही उभयता उपस्थित राहून सर्वतोपरी चेष्टा करू. यापुढेही आपल्या उद्योगाची वृद्धी व्हावी म्हणून जेवढी चेष्टा आवश्यक असेल तेवढी करण्यास हा श्वशुर सदैव सिद्ध आहे.'

मी ते वाक्य हरिभाऊंच्या अर्थाने वाचले. पुन्हा वाचले नाही.

शब्दकोशामागे लपून मी येथे पत्र संपवू शकतो. शारदा म्हणते, एवढे लिहा आणि थांबा. परंतु एक गोष्ट उरते. हे वाक्य हरिभाऊंनी लिहिले असते तर आपण विचारले असते, 'काका, याचा अर्थ काय?' मी लिहिले म्हणून विचारले नाही. माझ्या मुलीने विचारले नाही. माझ्या पत्नीनेही विचारले नाही. सर्वांना ते माझ्या तोंडी शोभणारे वाटले. पुण्याचा शब्दकोश हा दोष माझा नव्हे, पण हा माझा आहे.

लग्नाच्या मांडवात मी आपल्याला सर्व पाहुण्यांसमोर 'पेचकसधारी' म्हटले होते, हाती स्क्रूड्रायव्हर धरणारा मिस्त्री या अर्थी. लोक हसले, तेव्हा त्या हशावर मी आणखी दोन वाक्ये रचली. आपण हसला नाहीत. मी पाहिले होते.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी शारदा जिन्यावरून पडली व पायास प्लास्टर घातले, हे तेव्हा कळविले होते आणि ते सत्य आहे. परंतु प्लास्टर सहा आठवड्यांत निघाले. त्यानंतर आम्हांस कोणी अडविले नव्हते. लीलेचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावयाचे, ते झाले नाही. शारदेने डिंकाचे लाडू करून डबा भरला आणि म्हणाली, आपणच जाऊ. मी म्हणालो, आमंत्रणावाचून जाणे शास्त्रसंमत नाही. असे कोणतेही शास्त्र नाही. मी शोधले आहे.

आणि तबकडी मी साहूजींच्या दुकानी एकदा नव्हे, सात वेळा पाहिली. आता मी दुकानात शिरताच ते न विचारता लावतात.

मला क्षमा करावी.

जनार्दन


झाशी,
३० सप्टेंबर २००३

चि. यशवंतराव यांस आशीर्वाद.

आपले जाड पाकीट काल मिळाले. कुरिअरवाल्याने शारदेची सही घेतली आणि तिने ते माझ्या आधी उघडले. तेव्हा आपल्या पत्राचे प्रथम वाचन स्वयंपाकघरात, पिठाच्या हातांनी झाले आहे हे आपल्या माहितीसाठी.

आपण लिहिता, 'उद्घाटनाचं तुमचं पत्र आलं तेव्हा दुकानात सगळे जमले होते. माझे सासरे संस्कृतचे विद्वान, म्हणून मी ते मोठ्यानं वाचायला घेतलं. वाचून झालं तेव्हा वडील म्हणाले, बघ, झाशीपर्यंत कळलं. त्यांना मी नोकरी सोडलेली आवडलीच नव्हती. लोक हसले. मी पत्र खिशात घातलं. लीलाला कधी दाखवलं नाही.'

यावर मी काही लिहू शकत नाही. चार वेळा लिहून पाहिले. प्रत्येक वेळी वाक्य फार चांगले झाले, म्हणून फाडले.

पुढची दोन पाने मात्र मी हरिभाऊंना वाचून दाखविली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, एवढे स्वच्छ गद्य मी फार दिवसांत वाचले नव्हते. टीव्ही ट्यूनर कार्ड घेऊ नये, कारण 'आईंची मालिका आणि तुमचं काम एकाच वेळी आलं तर भांडण होईल आणि पडदा एकच असेल'. त्याऐवजी रॅम दुप्पट घ्यावी, जुना दूरदर्शन संच आहे तसा ठेवावा. मॉनिटर सतरा इंची, कारण लांबून दोघे पाहणार आहेत. स्पीकर मोठे नकोत, लाकडी खोक्याचे लहान चालतील. सीडी रायटर हवाच, म्हणजे आम्हीही काही पाठवू शकू. आम्ही काय पाठवावे याचा विचार मी अद्याप केला नव्हता. शारदेने लगेच सुरू केला आहे. बहुधा तिचे गाणे येईल, सावध असावे.

रॅमविषयी आपले स्पष्टीकरण, 'काम करताना समोर पसरलेलं टेबल. जेवढं मोठं तेवढं एका वेळी जास्त मांडता येतं', हे मी साहूजींना ऐकविले. ते म्हणाले, "जो कौन ने बताओ, मास्साब?" मी म्हणालो, माझ्या जावयाने. आणि त्यांनी विचारले नसतानाही सांगितले की त्यांचे पुण्यात स्वतःचे दुकान आहे. त्यानंतर साहूजींनी खुर्ची दिली. यापूर्वी सातही वेळा मी उभाच होतो.

आता तबकडीविषयी. पाकिटात दुसरी तबकडी होती, तिच्यावर आपल्या अक्षरात लिहिले आहे, 'ही व्हीसीडी आहे, तुमच्या प्लेअरवर चालेल.' म्हणजे संगणक येईपर्यंत आम्ही थांबू नये म्हणून आपण त्या चित्रफितीचा घाट बदलून पाठविला. हे आपणास कोणी सुचविले नव्हते. लीलेला मी विचारले. तिला ठाऊकच नव्हते.

शारदेने या वेळी साडी बदलली नाही. पीठ लागलेल्या हातांनीच बसली. यंत्र गरगरले, आणि जानकी आली. चाकूकडे झेप, लीलेची ओरड, सर्व यथास्थित. मध्ये एका क्षणी मुलगी थेट समोर पाहते. तेथे शारदा उठली आणि तिने पडद्यावर हात ठेवला. काचेवरची वीज चटचटली, तिच्या हाताचे केस उभे राहिले, आणि ती म्हणाली, "अगं बाई, चावली!" मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे पुष्कळ सुचले होते.

आपल्या पत्राची शेवटची ओळ अशी : 'दिवाळीचं अजून सांगत नाही.' ठीक आहे. 'नाही' या शब्दाआधी 'अजून' आहे. वैयाकरणास तेवढे पुरते.

तसेच आपण विचारले आहे की घरात अर्थिंग आहे का. विचारून कळवितो.

जनार्दन


झाशी,
१४ ऑक्टोबर २००३

चि. यशवंतराव,

घरात अर्थिंग नव्हते. वीजमिस्त्री येऊन पाहून गेला आणि म्हणाला की या मोहल्ल्यात कोणाकडेच नाही, आणि कोणी मेलेलेही नाही. हा युक्तिवाद मला क्षणभर पटला. मग आपली ओळ आठवली : 'अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावला की झटका बसेल. लहान मूल असेल तर धोका.' आमच्या घरात लहान मूल नाही. आपल्याला हे ठाऊक आहे. तरीही आपण ते लिहिले आहे. हे वाक्य मी दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो.

रविवारी हरिभाऊ आणि मी मागच्या अंगणात खड्डा खणला. खांद्यापर्यंत. मिस्त्रीने तांब्याची पट्टी उभी केली. भोवती मीठ आणि कोळशाचे थर घातले. शारदा दारात उभी राहून म्हणाली, "लोणचं घालताय की तार?" खणताना माझी पाठ भरली, पण टेस्टरवरचा दिवा लागला तेव्हा हरिभाऊंनी टाळ्या वाजविल्या आणि यमुनाबाईंनी सर्वांना चहा दिला. मिस्त्री जाताना म्हणाला, "पंडिज्जी, अब तो मोहल्ले में आपई को घर पक्को है."

काल आपण पाठविलेली संगणकाची खोकी आली. मोठी दोन, लहान एक. त्यावर आपण लाल पेनाने लिहिले आहे : 'उघडू नये.'

मी ती बैठकीत भिंतीला लावून ठेवली आहेत आणि गेले चोवीस तास त्यांच्यासमोर बसून व्याकरण करीत आहे. आपण सुटे भाग पाठविले, म्हणजे कोणीतरी ते जोडावेत. साहूजी जोडू शकतात, हे आपल्याला माहीत आहे. तरीही उघडू नये. मग कोणी उघडावीत?

शारदेला मी हा प्रश्न विचारला. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "जो बांधतो तो उघडतो. तुम्ही तिकिटाचं विचारा."

म्हणून विचारतो. 

दिवाळीस आपण तिघे याल का?

हा प्रश्न आहे. यात समास नाही.

जनार्दन


झाशी
२६ . १० . २००३

यशवंत,

तू आतील खोलीत जानकीला कुशीत घेऊन झोपला आहेस. दुपार आहे. लीला आणि तिची आई अंगणात रांगोळीवरून भांडत आहेत. सकाळी तू सांगितलेस, 'बाबा, रोज एक पान लिहा, बोटे आपोआप शिकतील.' तर हे पहिले पान. मराठी अकषरे तू कळांवर चिकटवून दिलीस, ती नीट दिसतात.

पण दोन अकषरे एकमेकांना जोडायची कळ मला सापडत नाही. तू दाखवली होतीस. मी मान डोलावली होती आणि मला काही कळले नाही. तुला उठवून विचारले असते, पण जानकी उठेल. सबब जे सुटे लिहिता येते तेवढेच लिहितो. माझे नेहमीचे सगळे शबद येथे अडतात. एक ओळ लिहायला पाव तास लागतो, आणि ओळ अगदी साधी निघते. तुझी सासू मागून वाचून गेली. खूश होती.

'आपण' लिहिता येते, पण ते इतके दिवस लिहीत आलो की आता नको वाटते. मधला जो शबद आहे तो अडतो, कारण तेथे म आणि ह चिकटून बसतात. उरला 'तू'. जावयाला असे कोणी लिहीत नाही, ठाऊक आहे. चालेल का? चालत नसेल तर उठलास की ती कळ पुनः दाखव, मी बदलीन.

परवा तू चार तास जमिनीवर वाकून तारा जोडत होतास. मी शेजारी बसून एकेक भाग हाती देत होतो. तू मागायचास, मी देत होतो. तेवढा वेळ मी काही बोललो नाही. तुझी सासू दोनदा दारात येऊन पाहून गेली, मी आजारी तर नाही ना. आजारी नाही. तू काम कसे करतोस ते मला पाहायचे होते. तू पेच पिळताना जीभ दातात धरतोस. जानकी चमचा धरताना तेच करते. तुला कोणी सांगितले आहे का?

पडदा उजळला, तर जानकी माझी मिशी ओढत होती. तू तबकडी लावलीस, पण पाहायला कोणी बसले नाही.

तुझे दुकान मला पाहायचे आहे. जानेवारीत मी येतो. तू बोलावले नाहीस तरी येतो. कोपऱयात बसेन, गिऱहाईक आले तर गप राहीन. तुझे वडील आले तर काय बोलायचे ते मी ठरवले आहे. तेही एकच वाकय आहे, सरळ आहे, आणि तुझे काम मी डोळे भरून पाहिले एवढेच सांगणारे आहे.

खाली सही करावी तर माझे नावही अडते. 'जना' लिहून झाले, पुढे काही जाईना. तीनदा खोडले. मग नाव राहू दे.

बाबा